जुळतं म्हणजे काय? राऊटर, दोन सूत आणि सहा मिलिमीटर

तत्त्वज्ञानाच्या माणसाने लाकूडकामाच्या राऊटरवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण मी आयुष्यभर वर्गात जे शिकवलं त्यातला एक मोठा भाग 'संबंध' या विषयाचा होता. दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या आहेत असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? माझ्या राऊटरला कुठलं गाईड बसेल, कुठलं बिट चालेल, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. फरक एवढाच, की वर्गात उत्तर चुकलं तर गुण जातात. इथे बोट जाऊ शकतं.

समोर फर्निचरची कामं करणारी मुलं बसली आहेत, त्यांना राऊटर काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी दोन शब्द. उभी मोटर, तिच्या टोकाला पकड, पकडीत धारदार बिट, आणि खाली लाकडावर सरकणारी सपाट बैठक. रंधा, पटाशी आणि खाच पाडायची कितीतरी जुनी हत्यारं या एका यंत्रात आली. हातात मावणारा लहान राऊटर, ज्याला आपण ट्रिमर म्हणतो, तो मिनिटाला ३०,००० च्या आसपास फेरे घेतो. अर्ध्या इंचाचं बिट लावलं तर त्याच्या धारेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर होतो. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. बिट मोठं झालं की वेग त्याच प्रमाणात वाढतो.

या यंत्राची गंमत अशी, की ते एकटं फारसं काही करत नाही. बिट हवं, सरळ चालवायला गाईड हवं, नमुन्यावरून खाच पाडायची तर बुश हवा, गोल कापायचं तर कंपास हवा. आणि इथेच अडचण सुरू होते. मशीन एका कंपनीचं, बिट दुसऱ्याचं, गाईड ऑनलाइन मागवलेलं. घरी येतं तेव्हा कळतं की बसत नाही. किंवा, जे जास्त वाईट, बसल्यासारखं वाटतं.

बैलगाडीच्या चाकाला मापाचं कोष्टक का लागलं नाही

आपल्याकडे बलुतेदारीच्या काळात हा प्रश्न नव्हता. बैलगाडीचं चाक आठवा. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेरचा लाकडी वेढा, हे सगळं सुताराचं काम. त्यावरची लोखंडी धाव लोहाराची. लोहार चाकाचा घेर मोजायचा, धाव मुद्दाम किंचित लहान ठेवायचा, तापवून फुगवायचा, लाकडावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. धाव आकसली की सगळे सांधे आवळले जायचे. त्या धावेला नंबर नव्हता, मॉडेल नव्हतं. ती त्या एका चाकासाठीच होती. दुसऱ्या गावच्या चाकाला बसली नाही तरी कोणाचं बिघडत नव्हतं, कारण सुतार आणि लोहार दोघं हाकेच्या अंतरावर होते.

आज मोटर बनवणारा एका देशात, बिट बनवणारा दुसऱ्या देशात, आणि वापरणारा घनसावंगी तालुक्यात. दोघे बनवणारे एकमेकांना कधी भेटत नाहीत. मग त्यांच्या वस्तू एकत्र बसाव्यात यासाठी एकच मार्ग उरतो: आधीच ठरलेलं माप. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ या माणसाने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं एकसारखं माप सुचवलं, तेव्हापासून ही वाट सुरू झाली. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टला बसेल याची खात्री नसे.

पण ठरलेलं माप एकच असतं तर मी आज इथे उभा नसतो. मापं दोन घराण्यांची आहेत, आणि आपण दोन्ही घरांत राहतो.

सूत आणि मिलिमीटर

आपल्या देशात दशमान मापांचा कायदा १९५६ चा. १ ऑक्टोबर १९५८ पासून ती मापं वापरात यायला लागली. म्हणजे आज साठी ओलांडलेला सुतारही शाळेत सेंटिमीटरच शिकला आहे. तरी त्याच्या तोंडी काय आहे? सूत. एका इंचाचे आठ सूत. दाराची फळी 'सहा सूत' जाडीची, प्लायचा तक्ता 'आठ बाय चार' फुटांचा, आणि त्याच तक्त्याची जाडी मात्र '१८ एमएम'. एकाच वाक्यात दोन पद्धती, आणि आपल्याला काही खटकत नाही.

सहा सूत म्हणजे १९.०५ मिमी. १८ आणि १९ मध्ये एक मिलिमीटरचा फरक. भिंतीवर कपाट ठोकताना तो फरक खपतो. राऊटरच्या पकडीत खपत नाही.

लहान ट्रिमरची पकड, जिला कोलेट म्हणतात, दोन मापांत मिळते: ६ मिमी आणि पाव इंच. पाव इंच म्हणजे दोन सूत, म्हणजे ६.३५ मिमी. मोठ्या राऊटरचं तसंच: १२ मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे चार सूत, म्हणजे १२.७ मिमी. शिवाय मधलं ८ मिमीचं मापही आहे. दुकानात आपण म्हणतो, "पाव इंचाचं बिट द्या." दुकानदार ६ मिमीचं देतो. दोघांनाही वाटतं एकच. अंतर ०.३५ मिमी, म्हणजे दोन-चार कागदांच्या जाडीएवढं.

पाव इंचाची दांडी ६ मिमीच्या कोलेटमध्ये जातच नाही, त्यामुळे तिथे धोका कमी. ठोकून घालायचा प्रयत्न केला नाही म्हणजे झालं. खरा धोका उलट बाजूला आहे. ६ मिमीची दांडी पाव इंचाच्या कोलेटमध्ये सहज जाते. पाना फिरवला की आवळल्यासारखी वाटते. हाताने ओढली तर निघतही नाही. मग यंत्र चालू केल्यावर काय बिघडतं?

माकड आणि झाड

इथे मला आपल्या जुन्या नैयायिकांची आठवण येते. न्याय-वैशेषिकांनी 'संयोग', म्हणजे दोन वस्तूंचा स्पर्श, याचा फार बारीक विचार केला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही सुताराच्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट: संयोग हा गुण आहे, पण तो एकट्या वस्तूत राहत नाही. लाल रंग एकट्या मडक्यात राहू शकतो. संयोगाला दोन वस्तू लागतात. म्हणून "हे गाईड चांगलं आहे का?" या प्रश्नाला उत्तर आहे, पण "हे गाईड जुळतं का?" या प्रश्नाला उत्तर नाही, जोवर कशाशी ते सांगितलेलं नाही. खोक्यावर 'युनिव्हर्सल' लिहिलेलं असतं. युनिव्हर्सल म्हणजे विकणाऱ्याने दुसरी वस्तू सांगायचं टाळलं, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संयोग वस्तूला पूर्ण व्यापत नाही. त्यांचं नेहमीचं उदाहरण झाडावरच्या माकडाचं. झाडाला माकडाचा संयोग आहे का? फांदीपाशी आहे, मुळापाशी नाही. एकाच झाडात, एकाच वेळी, संयोग आहे आणि नाहीही.

आता कोलेटकडे बघा. कोलेट म्हणजे चिरा पाडलेली शंकूसारखी नळी. नट आवळला की ती आत दबते आणि दांडीला सगळ्या बाजूंनी, पूर्ण लांबीवर धरते. पण ती एकाच मापासाठी घडवलेली असते. दांडी बारीक असली, की नळी वाजवीपेक्षा जास्त दबते, वाकडी होते आणि दांडीला पूर्ण लांबीवर न धरता एखाद्या कडेलाच धरते. बाकी लांबी मोकळी. फांदीपाशी माकड, मुळापाशी कोणी नाही. हाताने ओढून पाहिलं तर फांदीपाशीची पकड जाणवते. ३०,००० फेऱ्यांच्या थरथरीत मात्र दांडी हळूहळू खाली उतरते. आधी खाच ठरवल्यापेक्षा खोल जाते, मग बिट सुटतं.

म्हणून नियम: दांडीचं आणि कोलेटचं माप तंतोतंत एकच हवं. दांडी निदान तीन चतुर्थांश आत गेली पाहिजे. तळाला टेकवून मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढायची, आणि मग आवळायची. दोन मापांची बिटं वापरायची असतील तर दोन कोलेट घ्या, त्याच मॉडेलसाठी बनवलेली. कागद गुंडाळून, पत्रा घालून जाडी वाढवणं हा उपाय नव्हे.

जुळण्याच्या तीन जागा

कुठलीही जोडवस्तू घेताना ती राऊटरला तीनपैकी कुठे भिडते, ते आधी ठरवा. पकड, बैठक आणि वाट. पकडीचं झालं.

बैठक म्हणजे खालची प्लेट. तिच्या मधल्या भोकात गाईड बुश बसतो. बुश म्हणजे बिटाभोवतीची छोटी धातूची कडी. ती नमुन्याच्या कडेला घासत जाते आणि बिट आतून कापत जातं. या भोकाचं माप कंपनीगणिक बदलतं. अमेरिकेत पोर्टर-केबल कंपनीची पद्धत इतकी रुळली, की इतर कितीतरी लोक तिच्याच मापाने बुश बनवतात: भोक १ ३/१६ इंच, त्याच्या वरची पायरी १ ३/८ इंच. आपल्या भाषेत साडेनऊ सूत आणि अकरा सूत, म्हणजे जवळपास ३०.२ आणि ३४.९ मिमी. बॉशच्या काही राऊटरना चाप दाबून बसणारे वेगळे बुश लागतात. मकिताच्या ट्रिमरला बैठकीखाली स्क्रूने धरलेली चकती लागते. तेव्हा बुशचा संच घेण्याआधी आपल्या प्लेटचं भोक मोजा, पायरी आहे का बघा, स्क्रूची भोकं किती आणि किती अंतरावर, ते टिपून ठेवा.

बुश बसला की हिशेब येतो. बुशचा बाहेरचा व्यास वजा बिटाचा व्यास, भागिले दोन. तेवढं अंतर नमुन्याची कड आणि कापाची कड यांत राहतं. समजा बिजागरीसाठी १०० बाय २५ मिमीची खाच पाडायची आहे. बुश १६ मिमीचा, बिट ६ मिमीचं. फरक १०, म्हणजे दर बाजूला ५. नमुन्याचं भोक ११० बाय ३५ चं कापा. खाच बरोबर येईल. कोपरे मात्र बिटाच्या त्रिज्येएवढे, ३ मिमीचे, गोल राहतील. ते पटाशीने चौकोनी करायचे.

आता याच नमुन्यात, त्याच बुशने, पण पाव इंचाचं बिट चालवलं तर? खाच येईल १००.३५ बाय २५.३५. बिजागरी आत खुळखुळेल. तेच ०.३५ इथे पुन्हा भेटलं. पकडीत ते जिवावर येतं, बैठकीत कामाच्या सफाईवर येतं.

आणखी दोन बारकावे. बुशची खाली उतरणारी कडी नमुन्याच्या जाडीपेक्षा आखूड हवी, नाहीतर ती कामाच्या लाकडावर टेकेल आणि राऊटर अधांतरी राहील. आणि भोक बिटाशी समकेंद्री आहे का, ते बघा. प्लेटचे स्क्रू ढिले करून, शंकूच्या आकाराच्या सुळ्याने मध्य साधून पुन्हा आवळता येतात. ते शक्य नसेल तर प्लेटवर एक खूण करा आणि ती खूण सगळा वेळ एकाच दिशेला ठेवून राऊटर चालवा. मध्य चुकलेला असला तरी चूक सगळीकडे सारखीच राहील, आणि सारखी चूक हिशेबात धरता येते.

तिसरी जागा वाट. म्हणजे राऊटरला सरळ नेणारं गाईड. बहुतेक राऊटरच्या साइड गाईडला दोन गोल दांड्या असतात, त्या बैठकीच्या दोन भोकांत सरकतात. इथे दोन मापं जुळावी लागतात: दांडीची जाडी आणि दोन दांड्यांमधलं अंतर. लोक जाडी बघतात, अंतर विसरतात. एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा, त्यातून एका दांडीची जाडी वजा करा. ते मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर.

लांब ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ज्यांवर करवत आणि राऊटर दोन्ही चालतात, त्यांतही घराणी आहेत. फेस्टूल आणि मकिता यांच्या पट्ट्यांची घडण इतकी जवळची आहे, की एकाची अवजारं सहसा दुसऱ्याच्या पट्टीवर चालतात. बॉशची पट्टी वेगळ्या घडणीची. पट्टीसोबत राऊटरला जोडणारा अडॅप्टर लागतो, आणि तो पुन्हा त्या दांड्यांच्या मापानेच ठरतो. म्हणजे पट्टी पसंत करण्याआधी अडॅप्टर शोधा.

वाटेबद्दल एक गोष्ट मापाची नाही, दिशेची आहे. वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. राऊटर आपल्यापासून पुढे ढकलताना तो नेहमी डावीकडे ओढ घेतो. म्हणून लाकडावर पट्टी बांधली असेल तर ती राऊटरच्या डाव्या बाजूला हवी, म्हणजे ओढ पट्टीवर दाबली जाते. राऊटरलाच जोडलेलं साइड गाईड असेल तर ते उजवीकडे हवं, म्हणजे तीच ओढ गाईडला लाकडाच्या कडेवर दाबते. बाजू उलटी झाली तर मापाने जुळलेलं गाईडही काप सोडून पळतं.

काय विकत घ्यायचं, काय घडवायचं

जालन्याला किंवा संभाजीनगरला जाण्याआधी एका कागदावर हे लिहून न्या: मशीनचं पूर्ण मॉडेल, कोलेटचं माप दशांशासकट, बैठकीचं भोक आणि पायरी, स्क्रूची जागा आणि आटे, दांड्यांची जाडी आणि अंतर. ट्रिमर असेल तर मोटरच्या नळकांड्याचा व्यासही. बाजारात ६५ मिमीच्या मोटरसाठी बनवलेल्या पुष्कळ बैठका आहेत, तुमची मोटर त्या मापाची असेल तर मोठी सोय होते. हे सगळं व्हर्नियरने मोजा, टेपने नको. टेप १ मिमीपर्यंत बोलते. आपलं भांडण त्याच्या एक तृतीयांशावर आहे.

आट्यांचंही तसंच. एम ५ चा स्क्रू ५ मिमी जाड, आटा ०.८ मिमी. अमेरिकी यंत्रांत दिसणारा १०-३२ नावाचा स्क्रू ४.८३ मिमी जाड, आटा ०.७९. डोळ्यांना जुळे भाऊ. एकाच्या जागी दुसरा एक-दोन चकरा फिरतो आणि मग अडतो. तिथे जोर लावला तर बैठकीतले आटे मरतात. हाताने सहज जात नसेल तर थांबायचं.

आणि तरीही पुष्कळदा हवी ती वस्तू मिळणार नाही. मग काय करायचं? माझं उत्तर असं: जे फिरतं ते विकत घ्या, जे स्थिर आहे ते घडवा.

बिट, कोलेट, कोलेटचा नट, बिटावरचं बेअरिंग, या फिरणाऱ्या गोष्टी. यांत जुगाड नको, तडजोड नको. दांडी दिसायला सरळ असून चालत नाही, ती त्या वेगाला समतोल असावी लागते. तुमचा ट्रिमर एकाच वेगाचा असेल, तर मोठ्या व्यासाची बिटंही त्याची नव्हेत, दांडी बसली तरी. ५० मिमीच्या बिटाला १२,००० फेऱ्यांच्या जवळपासचा वेग लागतो, ३०,००० नव्हे. माप जुळलं, वेग जुळला नाही, म्हणजे जुळलं नाही.

बैठक, नमुना, सरळ पट्टी, कंपास या स्थिर गोष्टी. या करायला सुताराला कोणाचीही परवानगी नको. ६ मिमीच्या ॲक्रिलिकची किंवा चांगल्या प्लायची नवी प्लेट कापा, जुन्या प्लेटची भोकं तिच्यावर उतरवा, मधलं भोक हव्या त्या बुशच्या मापाचं करा. मग साडेनऊ सुतांचा बुशही तुमच्या राऊटरला बसेल. तीच प्लेट एका बाजूला लांब ठेवली आणि तिच्यात खिळा ठोकला की कंपास झाला. गुण्या लावून दोन फळ्या काटकोनात जोडल्या की कपाटाच्या खाचांचं गाईड झालं. लोहार धाव त्या एका चाकासाठी करायचा, तसंच हे गाईड तुमच्या एका राऊटरसाठी. त्याला दुसऱ्या कुणाशी जुळायची गरज नाही.

एवढं मात्र करा: बिट बदलताना, बैठक काढताना प्लग भिंतीतून काढलेला हवा. आपल्याकडे वीज जाते, हातातल्या मशीनचा स्विच चालूच राहतो, आणि आपण त्या वेळात बिट बदलायला घेतो. वीज परत येताना विचारून येत नाही.

व्याख्यानानंतरचा एक प्रश्न

प्रश्न आला: सर, सगळं एकाच कंपनीचं घेतलं तर ही कटकट मिटत नाही का?

थोडी मिटते, पूर्ण नाही. मकिताचा ३७०९ हा ट्रिमर घ्या. नाव एकच, पण कुठल्या बाजारात विकला त्यानुसार ६ मिमीच्या किंवा पाव इंचाच्या कोलेटसह येतो. दोघांनी एकाच नावाचं मशीन घेतलं आणि बिटं अदलाबदल केली, तर तोच ०.३५ चा घोळ. कंपनीचं नाव हे एक आश्वासन असतं, माप नसतं. आश्वासनावर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण मोजून. शिवाय सगळं एकाच कंपनीचं घ्यायचं ठरवलं, की ती वस्तू मिळेनाशी झाली तर काम थांबतं. ज्याला आपल्या मशीनची पाच मापं पाठ आहेत, त्याचं थांबत नाही. तेव्हा घरी गेल्यावर आधी कोलेटच्या तोंडावर कोरलेला आकडा वाचा. पुसट झाला असेल तर आपल्या खात्रीच्या बिटाची दांडी व्हर्नियरने मोजा, आणि तो आकडा मशीनवर पक्क्या शाईने लिहून ठेवा. सहा, की सहा पॉइंट पस्तीस.